आर्जव म्हणजे विनवणी नव्हे : दंडाची जुनी पावती आणि फॉर्मवरचा ‘हो’



आजच्या चिंतनासाठी गीतेच्या सोळाव्या अध्यायातला पहिला श्लोक घेऊ. दैवी संपत्तीच्या सव्वीस गुणांची यादी इथून सुरू होते. त्यातला अगदी पहिला गुण म्हणजे अभय, आणि या श्लोकातला शेवटचा शब्द म्हणजे आर्जव. ‘सत्य’ पुढच्या श्लोकात वेगळं येतं. म्हणजे आर्जव आणि सत्य हे भगवंतांनी दोन वेगळे गुण म्हणून मोजले आहेत. तेराव्या अध्यायात ज्ञानाची लक्षणं सांगतानाही आर्जव आहेच, आणि माउलींनी ज्ञानेश्वरीत तिथे थांबून त्याचा सविस्तर विचार केलाय.

आपल्या मराठीत या शब्दाचं मात्र थोडं वेगळंच झालं. ‘त्याने साहेबांची खूप आर्जवं केली’ असं आपण म्हणतो, तेव्हा डोळ्यांपुढे हात जोडून केलेली विनवणी येते. मूळ संस्कृत शब्द ‘ऋजु’वरून आलाय. ऋजु म्हणजे सरळ, आणि आर्जव म्हणजे सरळपणा. आत जे आहे तेच बाहेर. एकाच शब्दाचे हे दोन अर्थ आज आपल्याला एका अगदी साध्या, पण अनेकांची झोप उडवणाऱ्या ठिकाणी उपयोगी पडणार आहेत. ते ठिकाण म्हणजे इमिग्रेशनचा फॉर्म.

आपल्यातले कितीतरी जण शिक्षणासाठी, नोकरीसाठी बाहेर आहेत किंवा निघायच्या तयारीत आहेत. फॉर्म भरताना नाव, पत्ता, पासपोर्ट नंबर सगळं भराभर होतं. मग एक पान येतं, ज्यावर एकामागून एक ‘हो / नाही’ असे प्रश्न असतात. अटक झाली होती का? शिक्षा? दंड? आणि तिथे हात थबकतो.

समजा, ती अशी आहे

समजा, पुण्याची एक मुलगी. अमेरिकेत न्यू जर्सीत नोकरी. ग्रीन कार्ड मिळून पाच वर्षं होत आली आणि आता नागरिकत्वाचा अर्ज करायचा आहे. फॉर्मचं नाव एन-४००. तिच्या खात्यावर दोन गोष्टी आहेत. चार वर्षांपूर्वी हायवेवर वेगमर्यादा ओलांडली म्हणून पोलिसाने थांबवून तिकीट दिलं होतं, शंभर-दीडशे डॉलर, तिने लगेच भरले. आणि त्याआधी, पुण्यात कॉलेजला असताना, सिग्नल तोडला म्हणून चौकात पावती फाडली होती.

आता घरातले आवाज ऐका. रूममेट म्हणते, “अगं, एवढंसं तर आहे, ‘नो’ टिक कर आणि पुढे जा.” काका फोनवर म्हणतात, “पुण्यातलं तिकडे कोणाला कळणार आहे? उगाच स्वतःच्या पायावर धोंडा कशाला पाडून घेतेस?” आणि तिच्या स्वतःच्या मनात तिसराच आवाज : “हो लिहिलं आणि सगळंच अडकलं तर? आई-बाबांना इकडे आणायचंय, घर घ्यायचंय...”

हा तिसरा आवाज समजून घ्यायला हवा. ही मुलगी खोटारडी नाही, ती घाबरलीय. श्लोकाची सुरुवात अभयाने का होते, ते इथे कळतं. माणूस वाकडा होतो तो बहुतेक वेळा दुष्टपणामुळे नाही, भीतीमुळे. आणि भीती कमी करायचा एक चांगला उपाय म्हणजे नीट माहिती. म्हणून आज थोडं कायद्याचंही वाचू.

फॉर्म नक्की काय विचारतो?

एन-४०० च्या २०२४ साली आलेल्या आवृत्तीत प्रश्न असा आहे, माझ्या शब्दांत : तुम्हाला कधीही, कोणत्याही कारणासाठी, पोलीस अधिकाऱ्याने अटक केली, ताब्यात घेतलं, किंवा तुमच्यावर लेखी ठपका ठेवला, म्हणजे ‘साइट’ केलं, असं झालंय का? यातला ‘साइट’ हा शब्द महत्त्वाचा. वाहतूक पोलिसाने हातात दिलेलं तिकीट त्यात येतं. आणि ‘कधीही’ म्हणजे कधीही. पाच वर्षांपूर्वीचंही. फॉर्म असंही सांगतो की रेकॉर्ड बंद केलं असेल, पुसलं असेल, किंवा ‘हे आता सांगायची गरज नाही’ असं न्यायाधीशाने वा वकिलाने सांगितलं असेल, तरीसुद्धा सांगा.

वाचून घाम फुटतो ना? पण याच फॉर्मच्या सूचनांमध्ये पुढे दिलासाही आहे. वाहतुकीचा दंड असेल, त्यात प्रत्यक्ष अटक झाली नसेल, दारू किंवा अमली पदार्थांचा संबंध नसेल, आणि शिक्षा फक्त ५०० डॉलरपेक्षा कमी दंड किंवा लायसन्सवर पॉइंट्स एवढीच असेल, तर त्याची कागदपत्रं जोडायची गरज नाही.

इथेच बऱ्याच जणांची गल्लत होते. ‘कागद जोडायची गरज नाही’ हे वाक्य ‘सांगायची गरज नाही’ असं ऐकू येतं. सूट कागदांना आहे, उत्तराला नाही. आपल्या पुण्याच्या मुलीचं उत्तर ‘हो’च आहे. पण त्या ‘हो’ने काय बिघडतं? वेळेवर भरलेला वेगमर्यादेचा एक दंड, एवढ्यावरून कोणाचं चारित्र्य वाईट ठरत नाही. अर्ज तपासणाऱ्या अधिकाऱ्यासमोर अशी तिकिटं सारखीच येतात.

मग धोका कुठे आहे? धोका ‘नाही’ या उत्तरात आहे.

दंड लहान, शपथ मोठी

नागरिकत्वाच्या मुलाखतीची सुरुवात शपथेने होते. उजवा हात वर करून खरं सांगण्याची शपथ. मग अधिकारी फॉर्ममधले प्रश्न पुन्हा तोंडी विचारतो. त्याआधी बोटांचे ठसे घेऊन एफबीआयकडून तपासणी झालेली असते.

अमेरिकेच्या इमिग्रेशन कायद्यात ‘चांगलं नैतिक चारित्र्य’ नसणाऱ्यांची एक यादी आहे. त्यात एक कलम असं आहे : इमिग्रेशनचा फायदा मिळवण्यासाठी शपथेवर खोटी साक्ष देणारा. १९८८ साली कुंगिस नावाच्या माणसाच्या खटल्यात तिथल्या सुप्रीम कोर्टाने या कलमाचा अर्थ सांगितला. ही साक्ष तोंडी आणि शपथेवर हवी, फायदा मिळवायचा हेतू हवा. पण ज्या गोष्टीबद्दल खोटं बोललं ती गोष्ट मोठी किंवा महत्त्वाची असलीच पाहिजे, अशी अट नाही.

पुन्हा वाचा. गोष्ट क्षुल्लक असली तरी चालते. म्हणजे ज्या तिकिटाने काहीच होणार नव्हतं, ते लपवायला शपथेवर मुद्दाम बोललेलं ‘नाही’ मात्र अर्ज अडवू शकतं. दीडशे डॉलरच्या पावतीसाठी पाच वर्षांची वाट पाहणं पणाला लावायचं का, हा साधा व्यवहाराचा प्रश्न आहे. इथे परमार्थ आणि व्यवहार एकाच बाजूला उभे आहेत.

आता दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर मी तुम्हाला घाबरवतेय असं होईल. २०१७ साली त्याच कोर्टात मास्लेन्याक नावाच्या बाईंचा खटला आला. त्यांनी नवऱ्याच्या लष्करातल्या सेवेबद्दल खोटं सांगितलं होतं आणि त्यावरून त्यांचं नागरिकत्व काढून घेतलं होतं. सरकारचं म्हणणं होतं की अर्जातलं कोणतंही खोटं, कितीही लहान असो, पुरेसं आहे. तेव्हा सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स यांनी स्वतःचंच उदाहरण दिलं. मागे कधीतरी ५५ मैलांची मर्यादा असलेल्या रस्त्यावर मी ६० ने गाडी चालवली होती, पकडला गेलो नाही. तर हे फॉर्मवर लिहिलं नाही म्हणून वीस वर्षांनी तुम्ही माझ्या दारात येणार का, अशा अर्थाचा त्यांचा प्रश्न होता. शेवटी निकाल सरकारच्या विरोधात गेला, आणि निकालाबद्दल सगळ्या न्यायमूर्तींचं एकमत होतं. अशा फौजदारी खटल्यातून नागरिकत्व काढायचं, तर त्या खोट्याचा नागरिकत्व मिळण्यात काहीतरी वाटा असला पाहिजे, असं कोर्टाने सांगितलं.

म्हणजे कायदा राक्षस नाही. विसरलेल्या एका पावतीसाठी कोणी रात्री दार ठोठावत नाही. पण हा दिलासा नागरिकत्व मिळून गेल्यानंतरच्या खटल्यातला आहे. अर्ज टेबलावर असताना, अधिकारी समोर असताना, कुंगिसचा नियम लक्षात ठेवायचा.

प्रत्येक देशाचा प्रश्न वेगळा

आर्जवात एक बारकावा आहे. सरळ उत्तर म्हणजे *विचारलेल्या* प्रश्नाचं सरळ उत्तर. म्हणून प्रश्न शब्द-शब्द वाचायचा.

अमेरिकेच्याच साध्या व्हिसाचा डीएस-१६० फॉर्म बघा. तो विचारतो, अटक किंवा दोषसिद्धी झाली होती का, मग पुढे माफी मिळाली असली तरी. नो-पार्किंगच्या पावतीत ना अटक आहे ना दोषसिद्धी. तिथे ‘नाही’ हे पूर्ण सरळ उत्तर आहे. त्यात काही लपवलं जात नाही.

ब्रिटनच्या ऑनलाइन व्हिसा अर्जात एक यादी असते : गुन्ह्यात दोषसिद्धी, वाहन चालवण्याच्या गुन्ह्यासाठी झालेली शिक्षा, पोलिसांची ताकीद, कोर्टाने तुमच्याविरुद्ध दिलेला पैशांचा दिवाणी निकाल, वगैरे. ब्रिटनमध्येच झालेलं असलं पाहिजे असं नाही, इतर देशातलंही धरलं जातं. तिथे जुन्या शिक्षा ठरावीक काळानंतर ‘खर्च झाल्या’ असं मानणारा १९७४ चा कायदा आहे, पण इमिग्रेशनच्या निर्णयांना ती सवलत लागू नाही. आणि फसवणूक केली असं ठरलं तर पुढचे अर्ज दहा वर्षांपर्यंत नाकारले जाऊ शकतात.

ऑस्ट्रेलियात खोटी किंवा दिशाभूल करणारी माहिती दिली म्हणून व्हिसा नाकारला, तर तीन वर्षं अडचण येते. कॅनडात चुकीच्या माहितीसाठी पाच वर्षांची बंदी आहे. कॅनडात साधा स्पीडिंगचा दंड सहसा फौजदारी गुन्हा धरत नाहीत. पण दारू पिऊन गाडी चालवणं १८ डिसेंबर २०१८ पासून तिथे ‘गंभीर गुन्हेगारी’च्या वर्गात गेलंय. आपल्याकडे ‘दंड भरला, विषय संपला’ म्हणून सोडून दिलेली ड्रंक अँड ड्राइव्हची केस तिथे विषय संपवत नाही. ही केस कोर्टात जाते, ती पावती नसते. अशी केस असेल, किंवा अटक होऊन नंतर सुटका झाली असेल, तर स्वतःच्या डोक्याने फॉर्म भरू नका, इमिग्रेशनच्या वकिलाला कागद दाखवा.

मुंबईकरांसाठी एक. लोकलमध्ये तिकीट नव्हतं आणि टीसीने जागेवर भाडं व जादा आकार घेतला, तर तिथे पोलीसही नाही आणि कोर्टही नाही. पैसे भरले नाहीत आणि मॅजिस्ट्रेटपुढे उभं केलं, तर गोष्ट वेगळी. दोन्हीला आपण ‘फाइन बसला’ असंच म्हणतो. फॉर्मला मात्र फरक कळतो, म्हणून आपल्यालाही कळायला हवा.

युधिष्ठिराचा हत्ती

आता परत ग्रंथाकडे. सत्य आणि आर्जव वेगळे का मोजले, याचं उत्तर द्रोणपर्वात आहे. अश्वत्थामा नावाचा हत्ती मारला गेला होता. युधिष्ठिराने द्रोणाचार्यांना सांगितलं की अश्वत्थामा मेला, आणि ‘हत्ती’ हा शब्द ऐकू येणार नाही असा उच्चारला. शब्दांकडे बघाल तर एकही शब्द खोटा नव्हता. पण ते सगळं वाक्य द्रोणांना चुकीचं समजावं यासाठीच रचलेलं होतं. महाभारत सांगतं, तोवर त्याचा रथ जमिनीपासून चार बोटं वर चालायचा, त्या वाक्यानंतर चाकं जमिनीला टेकली. स्वर्गारोहण पर्वात त्याला थोडा वेळ नरक बघावा लागतो, तोही याच कारणाने.

त्या वाक्यात शब्दांचं सत्य होतं, आर्जव नव्हतं. फॉर्म भरताना आपणही असे हत्ती शोधतो. “तिकीट म्हणजे साइटेशन थोडीच?” “पावतीवर नाव नीट लिहिलेलंच नव्हतं.” “मी ड्रायव्हर होते, गाडी मैत्रिणीची होती.” डीएस-१६० वरचं पार्किंगबद्दलचं ‘नाही’ आणि एन-४०० वरचं स्पीडिंगबद्दलचं ‘नाही’ यांत हाच फरक आहे. पहिल्यात समोरच्याला जे कळायला हवं ते कळतं. दुसऱ्यात त्याला कळू नये अशी व्यवस्था असते. स्वतःला एवढंच विचारा : अधिकाऱ्याला नंतर सगळं कळलं, तर ‘मला फसवलं’ असं त्याला वाटेल का?

कोणी म्हणेल, “पण श्रीकृष्णांनीच कर्णपर्वात कौशिकाची गोष्ट सांगितली ना? प्रत्येक वेळी खरं बोलू नये म्हणून?” सांगितली, खरंय. कौशिकाने दरोडेखोरांना लपलेल्या लोकांची जागा खरी-खरी सांगितली आणि त्या निरपराधांचा जीव गेला. तिथे मौन कोणाला तरी वाचवणार होतं. आपल्या फॉर्मवरचं ‘नाही’ कोणाला वाचवतं? फक्त आपल्या भीतीला.

हो लिहायचं, पण कसं?

इथे आर्जवाचा मराठी अर्थ आडवा येतो. ‘हो’ लिहिल्यावर अनेक जण विनवणीवर उतरतात. दोन पानं स्पष्टीकरण : त्या दिवशी पाऊस होता, इंटरव्ह्यूला उशीर होत होता, मी मनाने फार चांगली आहे, कृपा करून समजून घ्या. एवढं वाचून अधिकाऱ्याला उलट शंका येते. सरळपणाला फार शब्द लागत नाहीत. तारीख, ठिकाण, काय झालं, दंड किती, भरला का :

“अमुक महिना-वर्ष, न्यू जर्सी. वेगमर्यादा ओलांडल्याबद्दल तिकीट. दंड इतके डॉलर, त्याच महिन्यात भरला. अटक नाही.”

पुण्याच्या सिग्नलचंही असंच एक वाक्य. तारीख आठवत नसेल तर ‘अंदाजे’ लिहा, आणि अंदाजे आहे असं स्पष्ट लिहा. आकडा ठोकून देऊ नका.

आणखी तीन गोष्टी.

एक, आठवणीवर विसंबू नका. अमेरिकेत राज्याच्या मोटर वाहन विभागाकडून स्वतःचं ड्रायव्हिंग रेकॉर्ड मागवता येतं. महाराष्ट्रातली चलनं गाडीच्या नंबरवरून ऑनलाइन बघता येतात. न भरलेलं चलन निघालं तर आधी भरा, पावती जपून ठेवा. कोर्टात गेलेलं प्रकरण असेल तर निकालाची सही-शिक्क्याची नक्कल काढून ठेवा.

दोन, फॉर्म एजंटने भरला तरी सही आपली असते. ‘त्याने टिक केलं, मला माहीतच नव्हतं’ हे उत्तर टिकत नाही. सही करण्याआधी ते ‘हो / नाही’चं पान स्वतः वाचा.

तीन, पाठवून झाल्यावर काही आठवलं तर घाबरून गप्प बसू नका. मुलाखतीत उत्तर दुरुस्त करता येतं. त्या प्रश्नाशी येताच, किंवा सुरुवातीलाच, आपणहून सांगा : “या उत्तरात एक भर घालायची आहे.” पकडलं जाण्याआधी स्वतः केलेली दुरुस्ती आणि पकडल्यावर दिलेली कबुली, यांत कायदाही फरक करतो.

आजचा अभ्यास

आज रात्री पंधरा मिनिटं काढा. परदेशाचा काही विचार नसला तरी चालेल. एका कागदावर आजवरचे सगळे दंड लिहा : चलन, टीसी, लायब्ररीतलंही धरा हवं तर. प्रत्येकापुढे वर्ष, ठिकाण, रक्कम, भरला की नाही. कारणं लिहायची नाहीत. ‘पण’ हा शब्द वापरायचा नाही. मग सोळाव्या अध्यायाचे पहिले तीन श्लोक सावकाश वाचा, आणि लिहिताना कोणत्या ओळीवर हात अडखळला ते बघा. फॉर्मवर तीच ओळ सगळ्यात आधी भरायची.

उद्या दुसऱ्या श्लोकातलं ‘सत्य’ घेऊ.

राम कृष्ण हरी.